पूर्वेच्या भिंतीवरचा सेन्सर

मी गुहागरकडचा, आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बाप वायरमन, त्याच्याच हाताखाली शिकलो, आणि त्यानं पयली गोष्ट शिकवली ती ही, की मीटर असो, बोर्ड असो, पश्चिमेच्या भिंतीला काय लावायचं नाय, पाऊस समुद्रावरनं आडवा येतो, सगळं पूर्वेला. एवढं ध्यानात ठेवा तुमी, माझं सगळं रडगाणं तिथंच हाय.

मंग मस्कतला आलो, तिथल्या अझैबा भागात एसीच्या कामावर, लोकांची घरं थंड करण्यात उमर गेली. आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, मूळ गाव वर जबल अख्दरला, डोंगरात. काय सांगू तुमाला, ओमान म्हटलं की आपल्या लोकांना वाळू आणि घाम दिसतो, पण तिथं हिवाळ्यात बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. त्याची म्हातारी आई तिथं एकटी, मस्कतला ये म्हटलं तर डाळिंबाची झाडं कोण बघणार म्हणायची. खोलीत लाकडं जाळायची, धुरानं छाती खराब झालेली. तर अर्बाबनं परदेशातनं विजेची भट्टी मागवली आणि मला म्हणाला, तू लाव, आणि हिवाळाभर वरच रहा.

भट्टी म्हणजे कपाटाएवढी पेटी, आत जड विटा, विटांच्या मधनं कॉइल. आमच्या जोडणीला सकाळची वीज स्वस्त, तेवढ्यात विटा तापवून घ्यायच्या, मंग वीज बंद, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पंखा ती ऊब खोल्यांना पुरवतो. विटा किती तापवायच्या ते भट्टी आपली आपण ठरवते, भायेर एक सेन्सर असतो, तो तिला थंडी किती ते सांगतो. एकेक वीट मी हातानं रचली, दोन दिवस, कंबरेचा पार भुगा झाला. म्हातारी शेजारी बसून कावा, तिकडची बिनदुधाची कॉफी, पाजायची, या वलदी म्हणायची, म्हणजे माझ्या लेकरा, आणि म्हणायची अल्ला तुझे हात सलामत ठेवो. भट्टी सुरू झाली तशी अर्बाबनं सगळी लाकडं शेजाऱ्यांना देऊन टाकली.

आणि सेन्सर मी लावला पूर्वेच्या भिंतीला. विचारसुद्धा केला नाय, हात आपोआप तिकडं गेला. उत्तरेला लावा असं भट्टीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं, नंतर वाचलं मी ते, पण तेव्हा ते पान उघडलंच नाय, जन्मभर वायरी ओढलेल्या माणसाला भिंत कोण शिकवणार.

सकाळचं ऊन थेट सेन्सरवर, आणि विटा तापायच्या त्याच वेळी. भट्टीला वाटायचं भायेर गरम हाय, अर्ध्याच तापवायची, निजानीज होते न होते तोवर ऊब संपलेली. मी अंगणापलीकडच्या खोलीत झोपायचो, मला काय कळणार. रोज सकाळी विचारायचो, अम्मा, ऊब पुरली काय. पुरली म्हणायची, अल्ला तुझे हात सलामत ठेवो. अंगावर दोन-दोन घोंगड्या दिसायच्या, मला वाटायचं म्हातारं माणूस, सवय असेल.

मंग तिला ताप आला, छाती भरली, खाली निजवा शहरात इस्पितळात नेली, आठ दिवसांत गेली. आणि शेजारची बाई भेटायला आली ती मला म्हणाली, अरे ती रात्रभर काकडायची, पण मला सांगायची की त्याला बोलू नको, माझा मुलगा त्याला ओरडेल, परमुलखातला माणूस हाय. मी तसाच उठलो, घराच्या पूर्वेला गेलो. सेन्सर उन्हात होता. हात लावला तर चटका बसला. तिथंच खाली बसलो आणि रडलो.

अर्बाबला मीच सांगितलं, काय लपवलं नाय. तो म्हणाला, तिचं तेवढंच लिहिलेलं होतं, तू सेन्सर नीट लाव. ओरडला असता, पासपोर्ट हातात देऊन हाकलला असता, तर बरं झालं असतं मला.

आता ते घर पाव्हण्यांना भाड्यानं देतात, हिवाळ्यात भट्टी मीच चालवतो. सेन्सर उत्तरेला हाय, ऊब सकाळपर्यंत पुरते, पाव्हणे खूश असतात. तिच्या खोलीत कुणाला झोपवत नाय, पण भट्टीची ऊब येते ती तिथली हवेची जाळी मी उघडीच ठेवतो, अर्बाबबी काय बोलत नाय.

आणि तिची दुवा लागली बघा मला. माझ्या बरोबरीच्यांचे हात आता थरथरतात, साधा स्क्रू धरवत नाय त्यांना. दर हिवाळ्याच्या आधी भट्टी उघडून मी सगळ्या विटा काढतो, पुसतो, परत रचतो, आजवर एकबी हातातनं निसटली नाय.