दारातले सात सेकंद

—नाही नाही, टेप टाकून द्यायची नाही! आधी खिशात घाला ती. काय माणसं असतात, फाइल हातात पडायच्या आत टेप कचऱ्यात! फाइल उघडून बघितलीत? नाही ना? मग? बसा. तो स्टूल घ्या, खुर्चीचा पाय मोडलाय. टेपची फाइल पन्नास टक्केच झालीय, अजून अर्धा तास तरी तुमची सुटका नाही. माझी तर नाहीच—मी या तळघरात सतरा वर्षं आहे, तुमचा अर्धा तास म्हणजे काय!

तर मुलीचं शाळेतलं नाटक, पाऊण तासाचं, आणि तुम्हाला हवीय एवढीशी फाइल, फोनवरून बहिणीला पाठवायला. करता येते. पण मी केलेली नाही. रागावू नका, मोठी ठेवलीय, लहान प्रत वेगळी काढून उद्या पाठवीन. हे बघा, फॉरमॅट म्हणजे नुसता डबा—एमपीफोर म्हणा नाहीतर आणखी काही. खरं काम आत, चित्र दाबून बसवायचं. त्याची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, विकत मिळतात, मी सगळी वापरलीत, आणि दोष सॉफ्टवेअरचा नसतो हो, आकडा आपण भरतो. बिटरेट. दर सेकंदाच्या चित्रावर किती माहिती खर्चायची, तो आकडा. तो कमी भरलात की ते बिचारं काटकसर करायला लागतं. आणि कुठे करतं? अंधारात! उजेडात नाचणाऱ्याला भरभरून, आणि मागे कोपऱ्यात कुणी गप्प उभं असेल तर म्हणतं, इथे काय आहे बघण्यासारखं? घरात नाही का, जो ओरडेल त्याच्या ताटात आधी पडतं. आमची आई शेवटी जेवायची. उरलंसुरलं. जाऊ दे, कुठून कुठे गेले मी.

तुमची मुलगी नाटकात काय होती? झाड? मागे उभी? बघा! म्हणूनच म्हणते, टेप ठेवा.

आता विचारलंतच म्हणून सांगते—नाही विचारलंत? बरं, मीच सांगतेय. माझ्या भावाचं लग्न. कॅमेरा माझ्याकडे, दिवे बाबांनी लावलेले. हा स्टुडिओ मूळचा त्यांचा, उजेडातलं त्यांना विचारावं. सगळा उजेड नवरा-नवरीवर, आणि आई मागच्या दारात, अंधारात. जन्मभर फोटोवाल्याचा संसार केला आणि स्वतःचा एक धड फोटो नाही, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण त्या दिवशी हसली हो. सात सेकंद. मी कॅमेरा वळवला तर म्हणाली, ‘माझं काय घेतेस, तिकडे घे.’ आणि मी घेतलं तिकडे. शहाणी ना मी!

घरी आले तर डिस्क भरलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं लग्न, कोरी टेप एकही नाही. म्हटलं, घरचंच तर आहे, कोण बघतंय! सगळ्यात खालचा आकडा भरला. बाबांचा नियम आहे, टेप पुसण्याआधी फाइल तीन ठिकाणी बघायची—सुरुवात, मध्य, शेवट. मी सुरुवात बघितली, शेवट बघितला. झकास होतं. मध्य नाही बघितला. आणि त्याच टेपवर दुसऱ्या दिवशी कुणा परक्याचं लग्न चढवलं. आई होती मध्यात.

चार महिन्यांनी गेली ती. तेराव्या दिवशी बाबा म्हणाले, ती दारातली लाव जरा. लावली. चेहऱ्याच्या जागी पाच-सहा करडे चौकोन, आणि आवाज मात्र स्वच्छ. आवाजाला जागा लागतेच किती! ‘माझं काय घेतेस.’ बाबा म्हणाले, फाइल गेली वाटतं, पण टेप आहे ना? आणि मी म्हणाले, आहे. आहे म्हणाले हो मी! कपाटात आहे, बुरशी लागलीय, हळूहळू साफ करावी लागेल.

सहा वर्षं झाली. ते कपाट बघा, कुलूपवालं. आत रिकामी डबी आहे. भाऊ म्हणतो, बंद करा ते भुयार, दोघं या माझ्याकडे. कशी जाऊ? सामान बांधायचं म्हणजे कपाट उघडायचं. म्हणून मी सांगते, गिऱ्हाइकं आहेत, सोडून कशी येऊ! कसली गिऱ्हाइकं? या आठवड्यात तुम्ही एकटे. आणि बाबांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, दिसेल आणखी वर्षभर. रोज चारच्या ठोक्याला जिना उतरून येतात आणि एकच विचारतात, झालं का? मी म्हणते, होतंय. ते म्हणतात, डोळे आहेत तोवर कर गं.

नवीन सॉफ्टवेअर आलंय ना, चौकोनांतून चेहरा बनवून देतं. तेही केलं. देखणी बाई आली हो! नाक-डोळे कसे रेखीव. आईच्या पदराखाली कुणीतरी भलतीच. बाबांना अंधूकच दिसतं, खपून गेली असती. परवा तर लावणारच होते, त्यांना खुर्चीत बसवलंसुद्धा. मग आवाज आला, ‘माझं काय घेतेस,’ आणि त्या बाईचे ओठ हलले. बंद केलं. वीज गेली म्हणून सांगितलं, आणि डोक्यावर दिवा ढणढणीत चालू. त्यांनी वरही नाही बघितलं.

झालं बघा तुमचं, शंभर टक्के. थांबा, मध्य बघू आधी. ही का तुमची मुलगी? पानं हलतायत तिची, छान आलीय. घ्या. आणि टेप—काय झालं? माझ्या मागे काय बघताय?

बाबा! अहो, चार कुठे वाजलेत अजून! कधी उतरलात? पायरीवर बसला होतात? अर्धा तास?

बाबा, मी—

काय? काय म्हणालात? झालं का?

होतंय, बाबा. होतंय. थोडंच राहिलंय.

तुम्ही निघा हो आता. काम झालंय ना तुमचं? आणि जाताना दार ओढून घ्या.