बाबांचा हिरवा गोल

नाही हो, भूत कसलं, काहीतरीच काय — बसा आधी, ती खुर्ची ओढा — नाही, ती नको, ती बाबांची — म्हणजे होती, त्यांच्या जागी आलात म्हणजे आता तुमचीच, पण आज ती दुसरी घ्या. टॅबलेट द्या इकडे. हां. जिन्याचं ड्रॉइंग, त्यावर हिरवा गोल, आणि गोलात — ‘थांबा. मी येतो बघायला.’ आणि खाली सेंट्रिंगवाले हात बांधून उभे, काँक्रीटची गाडी नुसती गरगरतेय, आणि तुम्हाला विचारतायत, जुने सुपरवायझर तर गेले, मग येणार कोण? असंच ना? अहो, पण तुमचा चेहरा का उतरलाय एवढा? भुताला टॅबलेट कशाला लागतोय! एपीआयचं काम आहे हे, एपीआयचं.

सांगते. ड्रॉइंगवर कुणी खूण केली — गोल, बाण, शेरा, काहीही — की सिस्टिम ती त्या माणसाच्या गटात ठेवते. ज्याचा त्याचा गट वेगळा. नवं ड्रॉइंग आलं की जुन्या खुणा त्यावर न्यायच्या, हे माझं काम. एकेक खूण माऊसनं उचलत बसले तर म्हातारी होईन इथेच — म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, तो एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या मागच्या दारातून, सिस्टिमला थेट निरोप देतो, की बाई, अमक्या गटात आता एवढ्या खुणा धर. झालं. बाबा गेल्यावर त्यांचं खातं बंद झालं, गट बेवारशी पडला, पुसलाच गेला असता — मी तो माझ्या खात्यावर घेतला. मुलगीच ना मी त्यांची? घर दादाकडे गेलं, घड्याळ काकांनी नेलं, मी हा गट घेतला. कुणाचं काय गेलं?

तुम्ही पाहिलं नाहीत त्यांना. फोन करायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत, पण सळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक घमेलं ओतू द्यायचे नाहीत. आणि वर चढायला वेळ लागणार असला — गुडघे, दुसरं काय — की आधी खूण करून ठेवायचे, थांबा, मी येतो. आणि थांबायचे हो सगळे! माझ्यासाठी वेगळंच. मी इथे बसून सगळं वाचते हे त्यांना माहीत, म्हणून चांगल्या ऑफिसच्या ड्रॉइंगवर लिहायचे, ‘इथे माप चुकलंय, बघून घे गं.’ आर्किटेक्ट विचारायचा, ही ‘गं’ कोण? एकदा तर पाण्याच्या टाकीवर — ‘डबा खाल्लास का?’ हसा, हसा, मीसुद्धा हसायचे. घरी समोरासमोर जेवायला बसलो तर चार शब्द बोलायचे नाहीत. इथे बोलायचे. आमचं जे काही बोलणं झालं ते सगळं या गटात.

काय? हो, दिसतंय मला. ड्रॉइंग त्यांच्यानंतरचं आहे. जुन्यावर या जागी जिना नव्हताच, तेही खरं. मग सरकली असेल खूण — सरकतात, ड्रॉइंगमधली खालची भिंत हलवली की वरची खूण भलतीकडेच दिसते. पण खूण त्यांचीच, बघा ना, हात थरथरायचा, गोल कधी पुरा जुळायचा नाही, इथे तोंड उघडंच राहिलंय — हुबेहूब. उजव्यानं काढला तर जुळतो हो लगेच, तो डाव्या हातानंच काढावा लागतो —

म्हणजे — असं बघू नका माझ्याकडे.

गट माझ्याकडे घेतला आणि पहिल्याच खेपेला घात झाला. गट बदलायचा तर अख्खी यादी परत पाठवायची असते, यादीत जे नाही ते सिस्टिम टाकून देते. मला वाटलं, बदललेली तेवढी एक खूण पाठवली की पुरे. पाठवली. ‘यशस्वी’ म्हणाली सिस्टिम. उघडून बघते तर गटात एकच खूण — हीच. टाकीवरचं गेलं, ‘बघून घे गं’ गेलं, सगळं गेलं. हॉस्पिटलात रडले नव्हते मी. इथे रडले, या टेबलावर. मग आठवेल तसं लिहून काढलं परत — पण मीच लिहायचं, ‘डबा खाल्लास का’, आणि मीच वाचायचं, त्यात काय राहिलं? ही एक तेवढी उरली होती. तशीच उचलून ठेवली तर जुनी तारीख दिसते, कुणी थांबत नाही. म्हणून नव्यानं काढते. खूण केली की काम थांबतं, सगळे जिन्याकडे बघतात, मीही या खिडकीतून बघते — आणि तेवढा वेळ बाबा वाटेत असतात. गुडघ्यांमुळे उशीर होतोय, एवढंच. परवा तर पाऊल वाजलं, खरंच सांगते, ते ओढत टाकलेलं पाऊल — मी उठून दारापर्यंत गेले. तुम्ही होतात. बुटाला चिखल लागला होता तुमच्या.

कळतं हो मला. काँक्रीट घट्ट होतंय गाडीत, कळतं. आणि उद्या खरंच थांबायला हवं तिथे कुणी थांबणार नाही — हिरवा गोल काय, रोजचाच, म्हणतील — आणि कुणीतरी कोसळलेल्या काँक्रीटखाली सापडेल, हेही कळतं. बाबांनीच उभं आडवं घेतलं असतं मला. रिकामी यादी पाठवायची, संपलं, मिनिटाचं काम नाही. नाही — तुम्ही कीबोर्डला हात लावू नका. मी करते. तुम्ही सळ्या बघितल्यात? वाकून, स्वतः? नाही ना? मग इथे काय बसलाय, जा, आधी ते बघा. आणि सांगा त्यांना खाली, कुणाची वाट बघू नका म्हणावं. कुणी यायचं राहिलेलं नाही.

जा ना. जा म्हटलं तर — एवढं तरी एकटीनं पुसू द्या मला.