आत्याच्या गळ्यातली कुर्ली

मन्सूरचाचांनी भर समुद्रात देवमाशाच्या पाठीवर बसून विडी ओढली होती, असं ते स्वतःच सांगतात. पण नेवऱ्याहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीत पुढच्या सीटवरच्या म्हातारीच्या गळ्यात तांब्याची ताटाएवढी कुर्ली, म्हणजे खेकड्याच्या घाटाचा हार, बघून त्यांचेही डोळे विस्फारले. कुर्लीच्या दोन नांग्या मानेमागे, बरोब्बर चाचांच्या नाकासमोर, एकमेकींत अडकल्या होत्या. शेजारी बसलेली भाची रडकुंडीला आली होती.

"आत्या, मापाला म्हणून घातलीस ना? मग कालपासून निघत कशी नाही?"

"घडवलीस तू, आणि मला काय विचारतेस गो? नांग्या रुतल्यात."

"उद्या मुंबईत माझं पहिलं प्रदर्शन आहे! तिथं काय मांडू?"

"सोनार कापून देईल की."

"कापून? दोन महिने ठोकून घडवलीय मी!"

"मग गळ्यासकट ने. माझा काय इलाज?"

"काल मासळीबाजारात कशाला मिरवलीस?"

"मी कुठं मिरवली? बायकाच वळून वळून बघत होत्या."

आरे-वारेच्या वळणावर बस उडाली आणि नांग्या खट्‌कन सुटल्या. आत्याने मागे हात नेऊन त्या तितक्याच सफाईने परत अडकवल्या.

"कसला गो आवाज, आत्या?"

"बसचा!"

"चाचा, तुम्हाला मागून दिसतंय. निघेल का हो ही?"

आत्याने हळूच मान वळवून चाचांकडे बघितलं.

"पोरी, उभा जन्म बोटीवर गेला माझा. अशी पकड नांगराचीसुद्धा बघितली नाही. मुंबईची दोन तिकिटं काढ."