गणवेशाची बटणं

नाही हो बाई, बसा तुम्ही, ती झोपलीय – झोपलीय म्हणजे काय, झोपायचं सोडून दुसरं करते काय ती? दोन वर्षं! कोविड झाला तो सगळा मिळून चार दिवस, आम्हा चौघांनाही झाला, आम्ही उठलो, कामाला लागलो. ही बारा वर्षांची घोडी मात्र अजून आजारीच. लाँग कोविड म्हणे. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं, मान्य – पण आमची मुंगी वाटेतच पसरलीय. आणि रिपोर्ट? सगळे नॉर्मल. रक्त नॉर्मल, छाती नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती करू नका, जास्त थकली की आठ-आठ दिवस मागे जाते. त्यांचं काय जातं सांगायला? मी लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करते, मला विचारतं का कुणी? हिचे बाबा तर हल्ली घरी येतात ते जेवण्यापुरते. आणि धाकटा, सात वर्षांचा, परवा म्हणतो, आई, माझेपण पाय दुखतात. दिली एक ठेवून. एकच. थांबले लगेच दुखायचे. औषध घरातच असतं, बाई.

तर शाळेनं तुम्हाला भरायला दिलेला तो फॉर्म – हिला घरी शिकवायचं की सोमवारपासून वर्गात बसवायचं, ते तुम्हीच लिहिणार ना? मग लिहा, वर्गात. उगाच नाही बोलत, पुरावा आहे माझ्याकडे. गेल्या मंगळवारी मी रजा काढली, घरात कुणाला सांगितलं नाही. डबा घेतला, 'येते गं' म्हटलं, दार ओढलं – आणि तिच्या खोलीची खिडकी पॅसेजात उघडते ना, तिच्या फटीला डोळा लावून उभी राहिले. म्हटलं, मी गेले की कशी टुणकन उठते बघू. आणि उठली! अकराला. भिंत धरत, मध्ये दोनदा खाली बसली, पण उठली ना? कपाटातून गणवेश काढला, आखूड झालाय आता, तरी घातला. सांगितलं का कुणी? नाही. बावीस मिनिटं लागली बटणांना – दोन लावायची, हात खाली टाकायचे, पुन्हा दोन... मग दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसली, वर्गात बसतात तशी. बसायचा सराव करत होती बहुतेक. म्हणजे मनात आणलं तर जमतं, हेच म्हणतेय मी!

किती वेळ? नऊ मिनिटं असतील. मग घसरली – खाली, फरशीवर. नाही, फार नाही लागलं, ओठ जरासा. मी जाणारच होते आत, किल्ली हातात होती माझ्या. पण लगेच गेले असते तर तिला कळलं नसतं का, मी पाहत होते ते? पुन्हा कधी सापडली असती? मग काय – जिन्यात बसले. डबा खाल्ला. मध्ये एकदा फटीतून पाहिलं, तिथेच पडलेली, डोळे उघडे होते तिचे. सहाला गेले आत, नेहमीच्या वेळेला. म्हटलं, हे काय गं सोंग, नि हा चुरगळलेला गणवेश कोण सरळ करणार? तर म्हणते, सॉरी आई.

पेन का ठेवलंत? लिहा ना, गणवेश स्वतः घालते म्हणून. अहो, संध्याकाळपर्यंतच तर... तुम्हाला पोरंबाळं नाहीत वाटतं. कुठे निघालात? बाहेरचं दार इकडे आहे. तिच्या खोलीत नाही जायचं, सांगितलं ना, ती झोप – बाई, तो फोन खाली ठेवा. कुणाला लावताय?