जिबूतीला गेलेले चेंडू

आदिस अबाबाच्या टेनिस क्लबात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे पाच जण होते. त्यातले शेवटचे दोघे वाद घालत होते: इथले प्रशिक्षक डेम्बेलु आणि खंडाच्या संघटनेकडून आलेल्या निरीक्षक वॉयनशेत.

"बाई, आजच्या सामन्यात माझ्या मिह्रेतचे अकरा फटके बाहेर गेले. ती असं खेळत नाही."

"काका, हरणारीचे फटके बाहेरच जातात."

"आपलं शहर डोंगरावर, विरळ हवेत चेंडू जास्त उसळतो. इथे कमी उसळणारा चेंडू लागतो. आज खेळवलेले समुद्रकाठचे आहेत."

"मग आपले कुठे गेले?"

"खाली समुद्रकाठी, जिबूतीला. सकाळी तिथून फोन आला, चेंडू गुडघ्याच्या वर येईनात म्हणून."

"खोक्यांवर पत्ते कोणी घातले?"

"मीच."

"कुठला चेंडू कुणाचा, ते खोक्याच्या तळाशी छापलेलं असतं."

"आणि वर छापलंय, खोकं उलटं करू नका."

"आता हसू नका. संघटनेच्या शिबिराला इथून एकच मुलगी जाणार आहे, आजचा सामना जिंकलेली."

"म्हणूनच म्हणतो, माझ्या चुकीची शिक्षा तिला नको. सामना पुन्हा घ्या."

"चेंडू नियमाबाहेर उसळला तरच. ठरलेल्या उंचीवरून तीन चेंडू सोडायचे, सरासरी एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटरपर्यंत चालते."

"तो आकडा समुद्रकाठचा ना?"

"आकडा अख्ख्या खंडाला एकच आहे."

"मग चेंडू दोन प्रकारचे कशाला?"

"ते मलाही कळलेलं नाही. टेप आहे का?"

दोघांनी रांग सोडली आणि शेजारच्या कोर्टावर त्याच सामन्यातले तीन चेंडू एकेक करून सोडले. पहिला एकशे सेहेचाळीस उसळला, दुसरा एकशे अठ्ठेचाळीस, तिसरा एकशे सत्तेचाळीस. सरासरी एकशे सत्तेचाळीस, म्हणजे जेमतेम नियमात.