कारणवहीतली एक सही

आदरणीय अध्यक्ष मुख्याध्यापक सर, व्यासपीठावर ऐसपैस बसलेले पाहुणे, खाली दाटीवाटीनं बसलेले माझे सहकारी, पालक मंडळी आणि घरी सोडत नाहीत म्हणून थांबलेल्या दहावीच्या मुलामुलींनो,

एकतीस वर्षं या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आज माझा गळा दाटून यायला हवा. इतरांचे आलेले मी पाहिलेत. मला मात्र काही होत नाहीये. दात काढल्यावर भूल उतरेपर्यंत गाल परका वाटतो ना, तसं झालंय. राग मानू नका.

चित्रकलेच्या सरांनी फारच कौतुक केलं. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी फाटकाशी माझा पुतळा हवा होता. पण एक दुरुस्ती करते. काय करू, मास्तरकी सुटत नाही. प्रयोगशाळेतल्या काकांनी जोडून, रंगवून मला भेट दिलेलं हे मेंदूचं मॉडेल सर म्हणाले तसं साफसफाईत पडलं नव्हतं. माझ्या मुलीनं ते दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली टाकलं होतं. बारा वर्षं झाली. ती तेव्हा चौदाची होती.

आपल्याकडे कारणवही आहे. नव्या पालकांसाठी सांगते. मुलानं काही उपद्व्याप केला की शिक्षकखोलीबाहेरच्या टेबलाशी उभं राहून वहीत लिहायचं, मी हे का केलं. ‘माहीत नाही’ चालत नाही. कारण सापडेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत पुन्हा उभं राहायचं. मग शिक्षक खाली ‘मान्य’ लिहून सही करतात. ही पद्धत कुणी सुरू केली? मीच. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या.

आणि गंमत बघा, त्याच टेबलापासून वीस पावलांवर, वर्गात, मी काय शिकवत होते? की या वयात मेंदूची बांधणी चालू असते. उसळणाऱ्या भावना, धाडस, मित्रांपुढे मिरवायची हौस, हे सगळं आधीच जोरात सुरू झालेलं असतं. ‘थांब, जरा विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र सगळ्यात शेवटी तयार होतो. पार पंचविशीपर्यंत त्याचं काम चालतं. हे मी शिकवायचे, परीक्षेत पाच गुणांना विचारायचे, आणि बाहेर येऊन चौदा वर्षांच्या मुलांना म्हणायचे, कारण लिहा. ज्यानं आधी विचारच केला नाही, त्याला मागाहून कारण कुठून सापडणार? पण मुलं हुशार. ती कारणं बनवायला शिकली. माझी मुलगी तेवढी बनवेना.

“का टाकलंस?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? एवढी मोठी घोडी झालीस!”

“आई, खरंच माहीत नाही गं. हातात होतं, खिडकी उघडी होती.”

“शाळेत आई नाही. मॅडम म्हणायचं.”

दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर दुसऱ्या दिवशी सोडून दिली असती. माझी म्हणून तीन दिवस उभी केली. लोक म्हणतील, स्वतःच्या लेकीला सवलत दिली. हे झालं माझं कारण. ते मी कुठल्याच वहीत लिहिलं नाही. चौथ्या दिवशी तिनं लिहिलं, ‘मला आई आवडत नाही म्हणून.’ अक्षर अगदी वळणदार होतं. मी खाली ‘मान्य’ लिहिलं आणि सही केली.

त्या दिवशी ते खरं नव्हतं, असं मला अजून वाटतं. पण एकदा लिहिलं गेलं, सही झाली, मग आम्ही दोघी तसंच वागू लागलो. वर्ष संपल्यावर ती तिच्या मावशीकडे शिकायला गेली आणि परत आली नाही. वाढदिवसाला फोन करते. तब्येत विचारते आणि ठेवते. न वापरलेल्या जोडण्या मेंदू छाटून टाकतो, हे वाक्य त्यानंतरही मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. हात एकदाही थांबला नाही. त्याची मला लाज वाटते.

असो. भाषण लांबलं, पाहुण्यांचा चहा गार झाला असेल. थोडंच राहिलंय.

गेल्या आठवड्यात मीच तिला फोन केला. म्हटलं, माझा निरोप समारंभ आहे, येशील? ती म्हणाली, “माहीत नाही.”

‘का’ अगदी जिभेवर आला होता. मी म्हटलं, “चालेल.”

“काय चालेल?”

“माहीत नाही, हे उत्तर चालेल.”

तिनं फोन लगेच ठेवला नाही.

ती आज सव्वीस वर्षांची आहे. पुस्तकाप्रमाणे तिचं कपाळामागचं काम पूर्ण झालं असेल. माझं अठ्ठावन्नाव्या वर्षीही बाकी दिसतंय. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी धरून ठेवायला सांगितली होती. तिथे आता कुणाची तरी पिशवी आहे. असू दे.

मुख्याध्यापक सर, सत्काराला उभं राहून मागणं मागू नये, तरी मागते. ती वही बंद करा. तेवढं जमत नसेल तर निदान ‘माहीत नाही’ या उत्तराखाली सही करत जा.

तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. काकांचे विशेष, भेग दिसते, पण मॉडेल उभं राहतंय. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एकतीस वर्षांत कुणाला दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. का दुखावलं, ते मात्र विचारू नका. खरंच माहीत नाही.