अकरा वाजताची वीस मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष, आमचे मोठे साहेब; मंचावर बसलेले सुपरवायझर साहेब; आज ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या मावशी, त्यांच्या दोन्ही लेकी आणि जावई; आणि चादरींच्या ढिगातून उठून या कॅन्टीनमध्ये आलेल्या दोन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. म्हणून ऑफिसातून मला चार ओळी लिहून दिल्या आहेत. त्यात लिहिलंय, 'मावशींनी सव्वीस वर्षांत क्षणभरही विश्रांती घेतली नाही.' साहेब, हे मी वाचणार नाही. हे खोटं आहे. मावशी रोज अकरा वाजता वीस मिनिटं बसायच्या. आणि आम्हालाही बसवायच्या.

हसू नका, पुढे ऐका.

पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर मावशी. एका बाजूने ओली चादर आत, दुसरीकडून कडक बाहेर, आणि लगेच घडी. अकरा वाजले की मावशी लाल बटण दाबून रजिस्टरमध्ये कारण लिहायच्या, 'रोलर गार करणे'. तेवढा वेळ आम्ही साबणाच्या पालथ्या पिंपांवर टेकायचो. कोणी डोळे मिटायचं, कोणी नुसतंच भिंतीकडे बघायचं.

मी नवा आलो तेव्हा मला हे बघवेना. घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर आलोय, तो काय बसायला? पायाला भिंगरीच होती माझ्या. दुसऱ्या पाळीत मी रोलर सलग चालवून बघितला. काही झालं नाही. लगेच सुपरवायझर साहेबांना सांगून मोकळा, 'रोलरला गार व्हायची गरजच नाही!' वीस मिनिटं बंद झाली आणि 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून बोर्डावर माझा फोटो लागला. ही चुगली कोणी केली म्हणून तुम्ही दोन महिने ज्याला शिव्या घालत होतात, तो हा. माईक धरून तुमच्यापुढे उभा आहे.

मग काय झालं? झोप गेली. डोळे मिटले तरी चादरी यायच्याच. फोनवर आई विचारायची, 'आवाज असा का रे येतोय?' मी म्हणायचो, 'रेंज नाही.' आणि एक दिवस रोलरपुढे उभा असताना घडी कशी घालतात तेच आठवेना. चादर हातात, आणि मी रडतोय. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

मावशींनी बटण दाबलं. 'बस खाली.'

'मावशी, चादरी येतायत.'

'येऊ देत. त्यांना काय घरी जायची घाई आहे?'

'साहेब बघतील.'

'बघू दे. पिंपं पुष्कळ आहेत, त्यालाही बसवते.'

(सुपरवायझर साहेब, तुमच्या पाठीमागे बोलल्या होत्या. आज तोंडावर सांगतो, एवढंच.)

बसल्यावर त्या म्हणाल्या, 'रोलरला कधीच गरज नव्हती रे बाळा. इतकी वर्षं चालवतेय, मला ठाऊक नसणार? मशीनसाठी वेळ मागितला की सही करून देतात. माणसासाठी मागितला की कारण विचारतात.'

'मग मला आधी का नाही सांगितलंत?'

'तू ऐकायला थांबला होतास कुठे?'

डॉक्टरकडेही मला त्यांनीच पाठवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून अकराला बटण दाबत राहिल्या. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना या बाईने नऊ मेमो घेतले. मानपत्रात त्या मेमोंचा उल्लेख राहून गेलाय, म्हणून मी करतो.

मला एक सांगा, बसलेला माणूस कामचुकार आणि उभ्या उभ्या कोसळलेला कष्टाळू, हे ठरवलं कोणी? ठरवणारा स्वतः खुर्चीत बसूनच ठरवत होता ना?

सोमवारपासून रोलर माझ्याकडे आहे. सुपरवायझर साहेबांनी सकाळीच बजावलंय, 'मावशी गेल्या, आता अकराची नाटकं संपली.' साहेब, अकराला मी बटण दाबणार. कारणाच्या रकान्यात रोलरवर ढकलणार नाही. 'माणसं दमली' एवढंच लिहीन आणि खाली माझं नाव. मेमो जरूर द्या. फक्त अकरा वीसनंतर आणून द्या, त्याआधी मी उठणार नाही. ज्याला बसायचं असेल त्याने यावं. कोणी नाही आलं, तर एकटा बसेन.

मावशी, तुमचे आभार मानायला मला शब्द येत नाहीत. मोठ्या साहेबांनी मला मधेच खाली बसवलं नाही, त्यांचेही आभार. बोलण्यात चुकलंमाकलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर धाकटा समजून पोटात घाला. सोमवारी बसणार आहे, त्याची मात्र माफी मागत नाही.